धावपट्टी आणि आडवा वारा

(सणसवाडी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

सणसवाडीत वारा कुठून येतो हे सांगायला कुणाला वेधशाळेत जावं लागत नाही. जूनमध्ये सह्याद्री ओलांडून आलेला पश्चिमेचा वारा बहुतेक पाऊस मावळ-मुळशीत टाकून इथवर जवळजवळ कोरडा पोचतो, पण त्याचा जोर टिकून असतो. शिरूर-दौंडच्या माळावर तो दिवसचे दिवस एकाच दिशेने वाहतो. वैशाखातला वारा वेगळा. सकाळी झाडाचं पान हलत नाही, दुपारी नांगरलेल्या रानात वावटळी उठतात आणि चारच्या सुमारास वळवाचा ढग चढला की पत्रे उडवणारी वावधान सुटते. शेतकऱ्याच्या लेखी हे दोन वारे निराळे आहेत. लहान विमानाच्या वैमानिकालाही ते निराळेच मानावे लागतात.

इथून लोहगावचा विमानतळ हवेच्या वाटेने वीसेक किलोमीटरवर आहे. दक्षिणेला, दौंड तालुक्याला लागूनच बारामती तालुका, आणि तिथल्या धावपट्टीवरून शिकाऊ विमानं घिरट्या घालत असतात. या पट्ट्यात लहान विमानाची नवलाई आता उरलेली नाही. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एक शिकाऊ विमान कोसळलं, ते चालवणारी तरुणी वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीच्या परिसरात एका आठवड्यात दोन शिकाऊ विमानं कोसळली. विमान शेतात पडलं की बातमी होते, लोक धावत जातात, फोटो निघतात. मात्र जगभरच्या अपघातांच्या नोंदी वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत की लहान विमानांचे सर्वांत जास्त अपघात उतरताना होतात, तेही धावपट्टीवर किंवा तिच्या कडेला. त्यांत वाऱ्याचा हात पुन्हा पुन्हा दिसतो. नोजव्हील मोडतं, प्रोपेलर वाकतो, पंखाचं टोक घासतं, वैमानिक चालत बाहेर येतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक ओळही नसते. हे व्याख्यान त्या न छापल्या जाणाऱ्या अपघाताविषयी आहे.

सेसना १५२ हे भारतातल्या फ्लाइंग स्कूलांचं जुनं, ओळखीचं विमान. दोन जणांची जागा, ११० अश्वशक्तीचं इंजिन, आणि माणसं-इंधनासकट वजन जास्तीत जास्त ७५७ किलो. लहानात लहान मोटारगाडी जवळपास एवढीच भरते, पण तिला दहा मीटर पसरलेले पंख नसतात. हे विमान फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या समोर येऊन शेवटच्या उतरणीला लागतं, तेव्हा त्याचा वेग साधारण ६० नॉट असतो. ताशी १११ किलोमीटर. पंखाला मिळणारी उचल हवेच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. समोरून येणारा वारा एकाएकी १० नॉटने पडला, तर पंखावरून वाहणारी हवा ६० वरून ५० नॉटवर येते. वेग सहाव्या हिश्शाने घटला, पण उचल तीस टक्क्यांनी गेली. तीन हजार फुटांवर हे झालं तर पोटात खड्डा पडतो, इतकंच. वीस फुटांवर झालं तर विमान आपटतं.

उलटही होतं, आणि शिकाऊ वैमानिकाला ते जास्त फसवं ठरतं. चाकं टेकायला चारपाच फूट उरले आहेत, नाक हळूहळू वर घेणं चालू आहे, आणि त्याच क्षणी समोरून झोत येतो. विमान टेकण्याऐवजी वर उचललं जातं. झोत पुढच्या सेकंदाला संपतो. आता विमान दहा फुटांवर आहे, नाक वर आहे, वेग गेलेला आहे. ते खाली पडतं, चाकांवर आपटून उसळतं. घाबरलेला विद्यार्थी दांडी पुढे ढकलतो, नाक खाली जातं आणि पुढचं चाक मागच्या चाकांच्या आधी डांबरावर येतं. पुढचं चाक असा भार घेण्यासाठी बनवलेलंच नसतं. विमान पुन्हा उसळतं, या वेळी आणखी उंच. प्रत्येक उडीत विद्यार्थ्याचा हात विमानाच्या हालचालीच्या अर्धा क्षण मागे राहतो, त्यामुळे दुरुस्ती करायला दिलेला धक्का पुढची उडी वाढवतो. अशा दोन-तीन उड्यांत नोजव्हीलचा दांडा मोडतो आणि फिरता प्रोपेलर डांबराला लागतो. पाती टोकाशी वाकतात, आणि पाती वाकली की इंजिन उघडून आतला शाफ्ट तपासल्याशिवाय ते विमान पुन्हा उडवता येत नाही. सगळा प्रकार दहा सेकंदांत आटोपतो.

समोरचा झोत निदान नाकाच्या रेषेत असतो. आडवा वारा विमानाला धावपट्टीवरून बाजूला रेटतो. त्यावर वैमानिक दोन उपाय शिकतात. एक म्हणजे क्रॅब: नाक वाऱ्याच्या दिशेने वळवून तिरकं येत राहायचं आणि टेकण्याच्या जरा आधी रडर (शेपटातलं सुकाणू) मारून नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं. दुसरा म्हणजे वाऱ्याकडचा पंख खाली दाबून, उलट रडर धरून, एका चाकावर उतरायचं. दोन्ही उपाय वारा सारखा असेल तोवर बरे चालतात. झोताच्या वाऱ्यात अडचण ही की दाब कधी वाढेल आणि कधी नाहीसा होईल ते कळत नाही. पुणे-नगर रस्त्यावर जूनच्या वाऱ्यात दुचाकीवरून कंटेनरला ओलांडणाऱ्या प्रत्येकाने हे अंगावर घेतलेलं आहे. वाऱ्याकडे कललेला स्वार कंटेनरच्या आडोशाला येताच एकदम त्याच्याकडे ओढला जातो, आणि आडोसा संपला की तोच वारा त्याला पलीकडे फेकतो. धावपट्टीच्या कडेला हँगर, झाडांची रांग किंवा कारखान्याची शेड असेल तर तिच्या आडून जाणाऱ्या विमानाची तीच गत होते. फरक एवढाच की स्वाराची दोन्ही चाकं जमिनीवर असतात.

चाकं टेकली म्हणजे काम झालं, असं विद्यार्थ्याला वाटतं. खरं तर बरेच अपघात तिथूनच सुरू होतात. वेग उतरतो तसं रडर आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) निकामी होत जातात, कारण त्यांना काम करायला वाहती हवा लागते. बाजूचा वारा मात्र तेवढाच राहतो आणि मागच्या उभ्या शेपटावर रेटा देतो. शेपूट वाऱ्याखाली जातं, नाक वाऱ्याकडे वळतं आणि विमान धावपट्टी सोडून कडेच्या मातीत घुसतं. म्हणून प्रशिक्षक सांगतात की उतरल्यावर वाऱ्याकडचा एलेरॉन हळूहळू वाढवत शेवटपर्यंत न्यायचा आणि विमान उभं राहीपर्यंत हात सैल सोडायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. सुटकेचा निःश्वास टाकण्याची वेळ आणि सर्वांत जास्त लक्ष देण्याची वेळ इथे एकच असते, हीच त्यातली अवघड गोष्ट.

पुष्पकच्या काळात हे आणखी कठीण होतं. हिंदुस्तान एअरक्राफ्टने, म्हणजे आजच्या एचएएलने बनवलेलं पुष्पक १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पसरलं. वैमानिकांच्या एका अख्ख्या पिढीने त्याच्यावर हात बसवला. कापडी कातडीचं, पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक छोटं चाक असलेलं हे विमान. अशा रचनेत वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे पडतो. एकदा नाक थोडं वळलं की मागचं वजन ते वळण वाढवतच नेतं, आणि आडव्या झोतात विमान स्वतःभोवती गरकन फिरून पंख टेकतं. पुष्पकवर शिकलेल्या वैमानिकांचे पाय रडरवर कधी निवांत बसत नसत.

वाऱ्याने विमानाची वाट लावण्याची गोष्ट विमानाइतकीच जुनी आहे. जर्मनीचा ऑटो लिलिएंथाल, ज्याच्या प्रयोगांचा पुढच्या सगळ्यांनी अभ्यास केला, तो ९ ऑगस्ट १८९६ रोजी ग्लायडरसह पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. हवेच्या उसळीने ग्लायडरचं नाक वर गेलं होतं आणि ते सावरता आलं नव्हतं. १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंनी किटी हॉकच्या वाळूत चार उड्डाणं केली. चौथं सर्वांत मोठं होतं, ५९ सेकंदांत ८५२ फूट. वारा त्या दिवशी ताशी वीस-पंचवीस मैलांचा होता, आणि त्या वाऱ्याने मदतच केली, कारण समोरून तो असल्यामुळे विमानाला जमिनीवर फार धावावं लागलं नाही. चौथ्या उड्डाणानंतर विमान उभं असताना एक झोत आला आणि त्याने ते उलथवलं. धरून ठेवायला धावलेला जॉन डॅनियल्स त्याच्यात अडकून गडगडत गेला आणि खरचटून बाहेर आला. विमान मोडलं. माणसाला पहिल्यांदा इंजिनच्या बळावर उडवणारं ते विमान पुन्हा कधीच उडालं नाही.

या कहाणीत एक मुद्दा सहज निसटतो. किटी हॉकला धावपट्टी नव्हती. राइट बंधू वारा पाहून रूळ मांडत. त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं विमानतळ म्हणजे गवताचं मोठं मैदान होतं. वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूला तोंड करून वैमानिक उतरत. आडवा वारा हा प्रश्न त्या मैदानांवर फारसा उद्भवतच नव्हता, कारण आडवं कशाला म्हणायचं हे ठरवणारी रेषाच जमिनीवर आखलेली नव्हती.

भारतातली टपाल विमानसेवा अशाच मैदानांवर सुरू झाली. जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला पस मॉथ विमान घेऊन उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. जुहूचं मैदान समुद्रालगतचं, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारं. म्हणून पावसाळ्यात टाटांनी दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सगळा संसार उचलून पुण्याला आणला आणि येरवडा तुरुंगाशेजारच्या मैदानाची धावपट्टी केली. पुण्याच्या पावसाळी वाऱ्यात कापड-लाकडाची विमानं अशा मैदानावर उतरत होती, हे आज धाडसाचं वाटतं. पण त्या वैमानिकांकडे आजच्या शिकाऊ वैमानिकाकडे नसलेली एक गोष्ट होती. मैदानाला रुंदी होती, आणि वारा फिरला तर त्यांनाही फिरता येत होतं.

विमानं जड झाली तशी गवताच्या जागी काँक्रीट आलं. दुसऱ्या महायुद्धात तीन धावपट्ट्या त्रिकोणात बांधून तिन्ही दिशांची सोय करत. पुढे जमिनीची किंमत वाढली, मोठ्या विमानांना आडव्या वाऱ्याचं फारसं वाटेनासं झालं, आणि बहुतेक ठिकाणी एकच धावपट्टी उरली. महाराष्ट्रात ती आखताना पावसाळी वारा लक्षात घेतलेला दिसतो. धावपट्टीचे आकडे म्हणजे तिची दिशा, अंशांतला शेवटचा शून्य गाळून. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९-२७, लोहगावची १०-२८, बारामतीची ११-२९. सगळ्या जवळपास पूर्व-पश्चिम. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा या धावपट्ट्यांवर बराचसा नाकावर येतो.

वळवाचा वारा मात्र नकाशा बघून येत नाही. ढग जिकडे असेल तिकडून तो सुटतो. पावसाने गार झालेली जड हवा ढगातून खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर २४ जून १९७५ ला उतरताना पडलेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानाचा अभ्यास करताना शिकागोचे शास्त्रज्ञ टेड फुजिता यांनी या खाली आदळणाऱ्या हवेचं गणित मांडलं, आणि सुरुवातीला अनेक हवामानतज्ज्ञांनी ते मानलं नाही. अशा हवेच्या एका बाजूला शिरणाऱ्या विमानाला आधी समोरचा जोरदार वारा मिळतो, वैमानिकाला विमान फार वर जातंय असं वाटतं, तो इंजिन कमी करतो, आणि पलीकडे गेल्यावर तोच वारा पाठीमागून येतो. एवढ्या मोठ्या जेटची ही अवस्था झाली. ७५७ किलोच्या सेसनाने वळवाच्या ढगाच्या आसपास फिरकूच नये, हे वेगळं सांगायला नको.

उन्हाळ्याची आणखी एक अडचण आहे. लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटरवर आहे. एप्रिलच्या दुपारी तापमान ३८ अंशांवर गेलं की तिथली हवा इतकी विरळ होते, की विमानाला ती प्रमाण वातावरणातल्या दीड हजार मीटरहून जास्त उंचीसारखी वाटते. महाबळेश्वरच्याही वर. वेगदर्शकाचा काटा ६० नॉटच दाखवतो, पण विमान जमिनीवरून प्रत्यक्षात जास्त वेगाने धावत असतं. त्यात झोताचा नियम आणखी वेग मागतो: वारा १५ नॉट आणि झोत २५ चे असतील, तर फरकाचा अर्धा भाग, म्हणजे ५ नॉट, नेहमीच्या वेगात वाढवून यायचं. जास्त वेगाने आलेलं विमान टेकायला जास्त वेळ लावतं आणि धावपट्टीवर तरंगत राहतं. त्या तरंगण्याच्या काळात त्याला आणखी झोत लागतात. शिवाय याच दुपारी उसाच्या ओल्या फडावर हवा बसकी असते आणि तापलेल्या डांबरावर उसळती. फडावरून धावपट्टीवर येणारं विमान आधी खाली ओढलं जातं, मग वर फेकलं जातं. सकाळी सहा ते दहा ही शिकाऊ उड्डाणांची आवडती वेळ उगाच ठरलेली नाही.

आता आडव्या वाऱ्याचा हिशेब. २० नॉटचा वारा धावपट्टीशी तीस अंशांनी आला तर त्याचा आडवा भाग १० नॉट. साठ अंशांनी आला तर १७. सेसना १५२ च्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा आकडा १२ नॉट दिलेला आहे. त्या आकड्याचा अर्थ नीट कळला पाहिजे. विमान त्यापुढे मोडेल असं तो सांगत नाही, आणि त्याच्या आत कुणीही उतरू शकेल असंही सांगत नाही. कंपनीच्या चाचणी वैमानिकाने तेवढ्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवलं, एवढीच त्याची हमी. तीस तास उडालेल्या विद्यार्थ्याची मर्यादा त्याहून बरीच खाली असते, आणि ती कुठल्याही पुस्तिकेत छापलेली नसते. ती प्रशिक्षकाने ठरवायची आणि विद्यार्थ्याने पाळायची.

वारा मोजण्याच्या बाबतीत पुणे मागे नाही, हे अभिमानाने सांगता येतं. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, आणि शिवाजीनगरच्या त्या कचेरीला जुने पुणेकर सिमला ऑफिस म्हणू लागले. १९४८ मध्ये त्याच पुण्यात अॅना मणी उपकरणविभागात रुजू झाल्या. त्यांनी जवळपास शंभर हवामान-उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले, म्हणजे परदेशातून आणावी लागणारी यंत्रं इथे बनू लागली. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी देशातला वारा मोजण्याचं मोठं काम केलं. दिशादर्शक पातं आणि फिरत्या कपांचा वायुवेगमापक ही साधी दिसणारी जोडी नेमकं काय सांगते, यावर विमान उतरवायचं की नाही हे ठरतं. विमानतळाच्या हवामानवृत्तात दहा मिनिटांची सरासरी देतात, आणि झोत सरासरीपेक्षा १० नॉट किंवा त्याहून जास्त असेल तरच तो वेगळा सांगतात. म्हणजे वृत्तात झोताचा उल्लेख नाही याचा अर्थ झोत नाहीत असा घ्यायचा नसतो. ते सरासरीहून नऊ नॉटने जास्तही असू शकतात, आणि छोट्या विमानाला नऊ पुरेसे आहेत.

मैदानाची रुंदी गेली, फिरण्याची मोकळीक गेली. झोताच्या वाऱ्यात वैमानिकाच्या हातात एकच मोकळीक उरली: न उतरण्याची. इंजिन पूर्ण वाढवायचं, वर निघून जायचं, पुन्हा चक्कर मारून यायचं, किंवा दुसरीकडे जायचं. वैमानिक याला गो-अराउंड म्हणतात. उड्या मारू लागलेल्या सेसनाला पहिल्याच उडीनंतर इंजिन देऊन वर नेलं, तर ते नोजव्हील मोडत नाही. प्रत्येक फ्लाइंग स्कूलमध्ये हे शिकवतात. तरीही माणसं उतरण्याचा हट्ट सोडत नाहीत, याचं कारण कौशल्याच्या अभावात शोधणं अपुरं आहे.

कोझिकोडचा अपघात महाराष्ट्र विसरलेला नाही. ७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७ डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं. विमानात १९० जण होते, त्यांतले २१ गेले. मुख्य वैमानिक कॅप्टन दीपक साठे नागपूरच्या मराठी घरातले, खडकवासल्याच्या एनडीएतून निघालेले, हवाई दलात चाचणी वैमानिकाचं काम केलेले. लहान विमानापेक्षा कितीतरी मोठं यंत्र आणि अनुभवाचा डोंगर. चौकशी अहवालाने जे मांडलं, ते मात्र प्रत्येक छोट्या धावपट्टीला लागू आहे. पहिल्या प्रयत्नात त्यांनी नियमाप्रमाणे विमान वर नेलं. कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता आणि पाऊस कोसळत होता. दुसऱ्या प्रयत्नात धावपट्टीचं दुसरं टोक घेतलं, आणि तिथे वारा पाठीमागून होता. ८,८५८ फुटांच्या ओल्या धावपट्टीवर चाकं टेकली ती ४,४३८ फुटांवर, निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर. सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटलं होतं. अहवालाने वैमानिकाच्या निर्णयावर बोट ठेवलं, तसंच दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी कोझिकोडला पोचण्याची गरज आणि तिथल्या तळावर कॅप्टनांची कमतरता यांचीही नोंद केली, आणि सुरक्षिततेसाठी ४३ शिफारशी केल्या. एवढ्या तयारीचा माणूसही मागे काय उभं आहे याच्या दडपणातून सुटत नाही, हे त्या पानांत वाचताना मन जड होतं.

  

शिकाऊ वैमानिकाचं दडपण वेगळं. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांची उड्डाणं लागतात. घरच्यांनी जमीन गहाण टाकून किंवा कर्ज काढून लाखो रुपये भरलेले असतात. खराब हवेचा दिवस म्हणजे बुडालेला दिवस, आणि पावसाळ्यात असे दिवस ओळीने येतात. एकट्याने उडवायला सोडलेला विद्यार्थी तिसऱ्यांदा वर निघून गेला, तर खाली उभी असलेली मुलं बघत आहेत हे त्याला ठाऊक असतं. ज्या फ्लाइंग स्कूलमध्ये न उतरता वर गेलेल्याची पाठ थोपटतात आणि कसाबसा उतरलेल्याला खडसावतात, तिथे अपघात कमी होतात असं जाणते प्रशिक्षक सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे. आपल्याकडे प्रवासी विमानात खडखडून उतरल्यावर टाळ्या वाजतात. तेच विमान वर निघून गेलं की लोक घाबरतात, फोन काढून तक्रारी लिहितात. ही समजूत बदलायला हवी, आणि ती बदलणं विमानात बसणाऱ्या सगळ्यांच्याच हातात आहे.

हडपसरचं ग्लायडिंग सेंटर या बाबतीत फार शिकवून जातं. ग्लायडरला इंजिन नसतं. विंचने दोर ओढून ते वर सोडतात, आणि उतरणीला लागल्यावर त्याला वर निघून जाता येत नाही. एकच प्रयत्न. त्यामुळे तिथला सगळा विचार जमिनीवरच करावा लागतो. झोत वाढले की दोर लावायचाच नाही. इंजिनच्या विमानाकडे आलेल्यांनी आधी ग्लायडर चालवलेलं असेल, तर वाऱ्याकडे बघण्याची त्यांची नजर निराळी असते. शहराने वेढलेल्या त्या मैदानाची राखण पुण्याने करायला हवी, आणि फक्त मोकळी जागा म्हणून तिच्याकडे पाहू नये.

महाराष्ट्रात लहान धावपट्ट्या बऱ्याच आहेत. बारामती, कराड, धुळे, शिरपूर, गोंदियाजवळची बिरसी. १९२८ मध्ये जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे विद्यार्थी आता धुळ्याला शिकतात. या धावपट्ट्यांवर मुलं शिकतात, आणि निवडणुकीच्या किंवा कामाच्या घाईत पुढाऱ्यांची, उद्योजकांची विमानंही उतरतात. म्हणून वाऱ्याची खबर तिथे मोठ्या विमानतळाइतकीच चोख हवी. एका टोकाला एक विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी, पुरत नाही. विंडसॉक साधारण १५ नॉटला पूर्ण ताठ होतो, त्यापुढे वारा २० आहे की ३० हे तो सांगू शकत नाही, आणि एका टोकाचा वारा दुसऱ्या टोकाला तसाच असेल याची खात्री नसते. दोन्ही टोकांना यंत्र हवं, आकडा वाचून वैमानिकाला रेडिओवर सांगणारा प्रशिक्षित माणूस हवा, आणि दर मिनिटाची नोंद साठवून ठेवलेली हवी, म्हणजे उद्या नोजव्हील मोडलं तर त्या दहा सेकंदांत वारा काय करत होता हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.

हे आवाक्याबाहेरचं मागणं नाही. महावेध प्रकल्पात राज्याने महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं उभी केली, आणि ती पाऊस, तापमान, आर्द्रतेबरोबर वाऱ्याचा वेग आणि दिशाही दर दहा मिनिटांनी नोंदवतात. पीकविम्याचा दावा ठरवताना शेतकरी त्या आकड्यांवर भांडतो, आणि भांडण्याइतपत आकडे त्याच्या हातात असतात. धावपट्टीवरचं केंद्र याहून बारकाईचं लागतं: दोन मिनिटांची सरासरी, गेल्या दहा मिनिटांतला सर्वांत मोठा झोत, आणि हे दोन्ही आकडे वैमानिकाला फायनलवर वळण्याआधी ऐकू येतील अशी व्यवस्था.